ज्याला पटलेलं नाही, त्याच्यासाठी

शैक्षणिक निबंध वाचणं, तपासणं, लिहिणाऱ्याशी त्यावर बोलणं हे काम मी बरीच वर्षं करत आलो आहे. पदवीच्या वर्गातले निबंध असतात, पदव्युत्तर शोधनिबंध असतात, कधी एखाद्या प्रबंधाचं सुटं प्रकरण असतं. भाषा बहुतेक वेळा नीटनेटकी असते, माहिती कष्टाने जमवलेली असते, संदर्भसूची पानंच्या पानं भरते. आणि तरीही शेवटचं पान उलटताना माझं मत पहिल्या पानावर जिथे होतं तिथेच बसलेलं असतं.

कारण बहुधा एकच असतं. लिहिणाऱ्याने मनात धरलेला वाचक आधीपासूनच त्याच्या बाजूचा असतो. समोरचा मान डोलावणारच आहे असं गृहीत धरलं की कुठलंच वाक्य सिद्ध करायची गरज उरत नाही. पटवून देणाऱ्या निबंधाचा वाचक वेगळा असतो. तो समजूतदार आहे, विषयाची जाण असलेला आहे, आपला वेळ देऊन वाचतो आहे आणि त्याला आपलं म्हणणं पटलेलं नाही. हा वाचक लिहिताना शेजारी बसलेला असला की निबंध आपोआप घट्ट होत जातो.

लेखनमार्गदर्शनाच्या पुस्तकांत ज्या संज्ञा येतात, म्हणजे मुख्य विधान, पुरावा, हेतू (ज्यावरून निष्कर्ष ठरतो ते कारण), पूर्वपक्ष (समोरच्याचं म्हणणं), खंडन, मर्यादा, त्या मला या वाचकाच्या तोंडच्या प्रश्नांसारख्याच ऐकू येतात. तुझं म्हणणं नेमकं काय? कशावरून म्हणतोस? त्यावरून हे कसं ठरतं? मग त्या दुसऱ्या गोष्टीचं काय? आणि हे सगळं किती खात्रीने म्हणतोस? व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे प्रश्न ऐकायची सवय लावून घेणं जास्त कामाला येतं.

पहिला प्रश्न मुख्य विधानाचा. समजा, पुस्तक उघडून परीक्षा देऊ द्यावी की नाही यावर निबंध लिहायचा आहे. 'उघड्या पुस्तकाची परीक्षा : फायदे आणि तोटे' यातून विषय कळतो, म्हणणं कळत नाही. 'परीक्षापद्धतीत सुधारणा झाली पाहिजे' हे म्हणणं वाटतं खरं, पण त्याला नाही म्हणणारा माणूस कुठून आणायचा? ज्यावर मतभेदच नाही, ते पटवून काय द्यायचं? आता हे वाक्य पाहा : 'पुस्तक जवळ ठेवू दिल्याने परीक्षा सोपी होत नाही, अवघड भाग विद्यार्थ्याच्या पाठांतराकडून प्रश्न काढणाऱ्याच्या कौशल्याकडे सरकतो, म्हणून प्रश्नकर्त्यांच्या तयारीशिवाय ही पद्धत आणू नये.' इथे शेजारचा वाचक लगेच बोलायला लागतो. पुस्तक समोर असताना सोपं कसं नाही? कौशल्य म्हणजे कोणतं? तयारी होईपर्यंत थांबायचं म्हणजे कधीच नाही असं तर नव्हे? त्याचे हे प्रश्न म्हणजेच निबंधाचा आराखडा. मुद्दे वेगळे शोधावे लागत नाहीत.

विधान तपासायची माझी एक साधी रीत आहे. ते लिहून झालं की त्याच्यापुढे 'हे खरं नाही, कारण' एवढं लिहायचं आणि वाक्य प्रामाणिकपणे पूर्ण करता येतं का ते पाहायचं. पूर्ण करता आलं नाही, तर विधान अजून गुळगुळीत आहे. आणि सहज चार-पाच कारणं सुचली, तर त्यातल्या प्रत्येकाची गाठ पुढे कुठेतरी घ्यावीच लागणार. पुष्कळदा खरं विधान पहिल्या खर्ड्याच्या शेवटच्या परिच्छेदात सापडतं, कारण आपल्याला काय म्हणायचंय ते लिहिता लिहिताच कळतं. त्यात गैर काही नाही. ते वाक्य उचलून वर आणावं आणि त्याच्या उजेडात सगळं पुन्हा लिहावं. हा दुसरा भाग मात्र बरेच जण टाळतात.

पुराव्याबद्दल बोलायचं तर मी नेहमी एका डॉक्टरच्या लेखनाकडे जातो. लंडनमध्ये १८५४ साली कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हा रोग दूषित, दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो असं बहुतेक जाणकारांचं मत होतं. जॉन स्नो यांचं म्हणणं होतं, पाण्यातून. त्यांनी १८५५ साली हे सविस्तर मांडलं. मला ते पटवून देणाऱ्या लेखनाचा धडा म्हणून वाचायला आवडतं. लंडनच्या सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या सार्वजनिक पंपाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्यातला युक्तिवाद कसा रचला आहे, तिकडे लक्ष कमी जातं.

साथीच्या सुरुवातीच्या दिवसांतल्या ८३ मृत्यूंची यादी स्नो यांनी मिळवली. त्यातले ७३ मृत्यू ब्रॉड स्ट्रीटचा पंप सर्वांत जवळ असलेल्या घरांतले होते. एखादा उतावळा लेखक इथेच थांबला असता. स्नो घरोघर चौकशीला गेले. ७३ पैकी ६१ जण त्या पंपाचं पाणी पीत असल्याचं कळलं. सहा जणांबद्दल काही माहिती मिळाली नाही. आणि सहा जण ते पाणी पीत नव्हते असं सांगण्यात आलं. हे शेवटचे सहा त्यांनी वगळले नाहीत, छापले. उरलेले दहा मृत्यू दुसऱ्या पंपांच्या जवळचे होते, म्हणजे वरवर पाहता त्यांच्या मताच्या विरुद्ध जाणारे. त्यांचीही चौकशी झाली. पाच कुटुंबं मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटवरूनच पाणी आणवत, आणि तीन मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी निघाली.

मग उलटा प्रश्न. पंपाजवळ राहूनही जे वाचले त्यांचं काय? पोलंड स्ट्रीटवरच्या, निराधार गरिबांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्या कामगारगृहात ५३५ माणसं होती आणि चहूबाजूंनी साथ असताना तिथे कॉलऱ्याने फक्त पाच जण गेले. त्या इमारतीला स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यातल्या सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही मेला नाही. त्यांना कारखान्यातूनच बिअर मिळे आणि ते पाणी पीत नसावेत असं मालकाचं म्हणणं होतं. आणि दूर हॅम्पस्टेडला, जिथे साथच नव्हती, तिथे एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. तिला ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव आवडत असे म्हणून ती बाटली भरून मागवत असे. तिच्याकडे आलेली भाची ते पाणी प्यायली, इझलिंग्टनला परत गेली आणि तीही दगावली.

या मांडणीत मला जे मोलाचं वाटतं ते आकड्यांच्या पलीकडे आहे. प्रत्येक पुरावा एका विशिष्ट शंकेला उत्तर देतो. हवा दूषित होती म्हणावं, तर शेजारच्या कारखान्यात तीच हवा होती. वस्ती दाट होती म्हणावं, तर कामगारगृहात दाटी काय कमी होती? हॅम्पस्टेडच्या बाईपर्यंत सोहोतली हवा पोचलीच नव्हती, पाणी पोचलं होतं. आपल्याकडच्या निबंधांत पुरावे अनेकदा एकाच दिशेचे, एकासारखे एक रचलेले असतात. दहा अभ्यासकांनी तेच म्हटलं आहे एवढं त्यातून कळतं. पुरावा निवडताना तो किती मोठा आहे यापेक्षा तो कोणाच्या कोणत्या शंकेचं तोंड बंद करतो हे मी आधी पाहतो.

तिसरा प्रश्न सगळ्यांत कमी विचारला जातो, आणि सर्वांत जास्त निबंध तिथेच कोसळतात : या पुराव्यावरून हा निष्कर्ष कसा निघतो? स्टीफन टूलमिन या तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात दावा आणि पुरावा यांच्यामधल्या या दुव्याला स्वतंत्र जागा दिली. हा दुवा लेखकाच्या डोक्यात असतो, म्हणून कागदावर येत नाही. आपल्याकडच्या न्यायशास्त्राला, म्हणजे तर्काच्या प्राचीन परंपरेला, ही जागा फार आधीपासून माहीत होती. अक्षपाद गौतमांच्या न्यायसूत्रांत अनुमान मांडण्याचे पाच अवयव सांगितले आहेत : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. पर्वतावर अग्नी आहे. कारण तिथे धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धूर असलेला आहे. म्हणून पर्वतावर अग्नी आहे. तर्कशास्त्राच्या वर्गात ही मांडणी लांबण लावल्यासारखी वाटते. निबंध तपासताना मात्र मला तिसरा आणि चौथा अवयव हवाहवासा वाटतो. सर्वसाधारण नियम काय, तो ज्यात सर्वांना मान्य आहे असं उदाहरण कोणतं, आणि आपलं प्रकरण खरोखर त्या नियमाखाली येतं का, हे तिथे बोलून दाखवावं लागतं.

स्नो यांच्याकडे हा दुवा पाहायचा, तर पंपापेक्षा दक्षिण लंडनची तुलना पाहावी. तिथे दोन कंपन्या एकाच भागात पाणी पुरवत होत्या. कित्येक रस्त्यांवर एका घराला एकीचा नळ, शेजारच्या घराला दुसरीचा. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपलं पाणी थेम्स नदीच्या वरच्या, स्वच्छ भागातून घ्यायला सुरुवात केली होती. सदर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराच्या सांडपाण्याने घाण झालेल्या भागातूनच घेत राहिली. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर दहा हजार घरांमागे सदर्क अँड व्हॉक्सहॉलच्या घरांत ३१५ मृत्यू झाले आणि लॅम्बेथच्या घरांत ३७. हे आकडे बोलके आहेत, पण नुसते आकडे काही ठरवत नाहीत. स्नो वाचकाला थांबवून सांगतात की या दोन गटांत गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष, लहान-मोठे सगळे सारखेच मिसळलेले आहेत, राहण्याची जागा आणि हवा एकच आहे, फरक आहे तो पाण्याचा. हे सांगितल्यावर मगच ३१५ आणि ३७ हे आकडे पुरावा होतात.

त्या वेळी या युक्तिवादाचा सर्वांत जाणता वाचक होता विल्यम फार, सरकारी मृत्युनोंदींची आकडेवारी सांभाळणारा. वस्ती थेम्सच्या पातळीपासून जितकी उंच तितके कॉलऱ्याचे मृत्यू कमी, हे त्याने आधीच्या साथीच्या आकड्यांवरून दाखवलं होतं आणि त्याचा ओढा हवेच्या सिद्धान्ताकडे होता. तोही पुराव्यानिशी बोलत होता. एका रस्त्यावरच्या लागून असलेल्या घरांची उंची सारखीच असते, म्हणून दोन नळांची तुलना नेमकी त्याच्या मुद्द्यालाही भिडते. पटलेलं नसताना फारने स्नो यांना नोंदी पुरवल्या. स्नो १८५८ साली वारले. पुढे १८६६ च्या साथीत पूर्व लंडनला पुरवलेल्या पाण्याकडे बोट दाखवणाऱ्यांत फार स्वतः होता.

परीक्षेच्या उदाहरणाकडे येतो. 'उघड्या पुस्तकाची पद्धत आणल्यावर निकाल वाढला, म्हणजे शिकणं सुधारलं' असं कोणी लिहिलं, तर हेतू तपासायला हवा. निकाल शिकणं सुधारल्यावर वाढतो, तसाच प्रश्न सोपे काढल्यावरही वाढतो, आणि गुण देण्यात सैलपणा आला तरी वाढतो. जो हेतू साध्य, म्हणजे सिद्ध करायची गोष्ट, असतानाही सापडतो आणि नसतानाही सापडतो, त्याला नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे अभ्यासक, सव्यभिचार म्हणतात. हेत्वाभासांच्या, म्हणजे वरवर खऱ्या वाटणाऱ्या सदोष हेतूंच्या, यादीत तो पहिला. मला वाटतं, हा एकच हेत्वाभास नीट ओळखायला शिकलं तरी निबंधांतली निम्मी कमजोर वाक्यं लिहिणाऱ्याला स्वतःलाच दिसू लागतील.

आता पूर्वपक्ष. यावर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे, कारण इथे लेखकाची नियत दिसते. शास्त्रग्रंथांची रीतच अशी की आधी समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग त्याचं खंडन करून सिद्धान्तावर यायचं. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार वेगळे केले आहेत. खरं काय ते समजून घेण्यासाठी होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि त्यात छल, म्हणजे समोरच्याच्या शब्दांची ओढाताण, हीही चालते. स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचं फक्त खोडून काढणं ती वितंडा. शैक्षणिक निबंधाची जागा वादात आहे, असं मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो, कारण 'पटवून देणं' या नावाखाली पुष्कळदा जल्पच शिकवला जातो.

दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष लगेच ओळखू येतो. 'काही लोक म्हणतात की परीक्षाच नको' असं एक वाक्य लिहायचं आणि पुढच्या वाक्यात ते उडवून द्यायचं. हे काही लोक कोण, ते असं का म्हणतात, त्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता, याचा पत्ता नसतो. मी एक कसोटी वापरतो : तुम्ही मांडलेला पूर्वपक्ष विरोधकाला वाचायला दिला, तर तो म्हणेल का, 'हो, हेच माझं म्हणणं, आणि मी स्वतः इतकं नीट मांडलं नसतं'? चार्वाकांचे मूळ ग्रंथ जवळजवळ सगळे हरवले. त्यांचं म्हणणं आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून कळतं, आणि ते बरोबर मांडलं आहे का हे विचारायला कोणी उरलेलं नाही. दुसऱ्याचं मत लिहिताना मला हे आठवतं. त्याच्या मताची एवढी एकच प्रत शिल्लक राहणार आहे असं समजून लिहिलं, तर हात आखडता घेता येत नाही.

पूर्वपक्ष शेवटून दुसऱ्या परिच्छेदात कोंबावा, असा एक साचा रूढ आहे. तो मला पटत नाही. वाचकाला शंका जिथे येते, तिथेच तिची दखल घ्यावी. 'पुस्तक समोर असताना सोपं कसं नाही?' ही शंका पहिल्याच पानावर उभी राहते. तिला चार पानं ताटकळत ठेवलं, तर मधली चार पानं वाचक अविश्वासाने वाचतो. मोठ्या युक्तिवादात मात्र अडचणींना स्वतंत्र जागा देता येते. डार्विन यांनी १८५९ च्या आपल्या ग्रंथात उत्क्रांतीच्या सिद्धान्तापुढच्या अडचणींवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आणि डोळ्यासारखा गुंतागुंतीचा अवयव हळूहळू कसा घडेल, हा सर्वांत टोकदार आक्षेप स्वतःच पुढे आणला.

शंका मान्य करणं हेही तंत्र आहे, आणि ते धीराचं काम आहे. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा ८ सप्टेंबर १८५४ रोजी काढला गेला. दांडा काढला आणि साथ थांबली, असं लिहिलं असतं तर गोष्ट किती चांगली झाली असती! स्नो तसं लिहीत नाहीत. लोक भाग सोडून गेल्यामुळे आणि अन्यथाही साथ आधीच ओसरू लागली होती, त्यामुळे तेव्हा पंपाच्या विहिरीत रोगाचं विष उरलं होतं की नव्हतं हे ठरवता येत नाही, अशी कबुली ते देतात. हातातला सर्वांत नाट्यमय पुरावा त्यांनी स्वतःहून सोडला. हे वाचल्यावर त्यांच्या बाकीच्या आकड्यांवरचा माझा विश्वास वाढतो. ॲरिस्टॉटलने पटवून देण्याचे तीन मार्ग सांगितले, वक्त्याची विश्वासार्हता, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद. त्यातली विश्वासार्हता पदव्यांच्या उल्लेखाने येत नाही, अशा ठिकाणी येते. भावनेचंही तेच. 'अत्यंत हृदयद्रावक' लिहून वाचक हलत नाही. हॅम्पस्टेडची बाटली त्याला हलवते.

कधी कधी मान्य करता करता आपलं विधानच बदलतं. परीक्षेवरच्या निबंधात 'प्रश्नकर्त्यांच्या तयारीशिवाय ही पद्धत आणू नये' याला कोणी म्हणेल की तयारी ही पद्धत वापरूनच होते. मुद्दा खरा आहे. मग विधानात 'आणू नये' च्या जागी 'आधी कमी गुणांच्या चाचण्यांत आणावी' असं आलं, तर निबंध हरला का? मला तर अशा बदललेल्या विधानाचे निबंध सर्वांत पटतात.

खात्रीच्या शब्दांबद्दल थोडं. 'दाखवतं', 'सुचवतं' आणि 'सिद्ध करतं' या तिघांत मोठं अंतर आहे. पुरावा जितका असेल तितकंच क्रियापद वापरावं. 'बहुधा', 'या मर्यादेत', 'उपलब्ध माहितीवरून' हे शब्द भित्रेपणाचे नाहीत, फक्त ते प्रत्येक वाक्यात पेरू नयेत. तपासताना माझी पेन्सिल थांबते ती 'अर्थातच', 'निःसंशय', 'सर्वश्रुत आहे' यांच्यापाशी. तिथे बहुतेक वेळा एखादा युक्तिवाद गाळलेला असतो. 'असं मानलं जातं' दिसलं की मी समासात 'कोण?' एवढंच लिहितो.

परिच्छेदांची जुळणी तपासायला एक सोपा उपाय आहे. प्रत्येक परिच्छेदाचं मुख्य वाक्य वेगळ्या कागदावर एकाखाली एक उतरवायचं आणि त्यांच्यामध्ये कोणते जोडशब्द येतात ते पाहायचं. सगळीकडे 'तसेच', 'शिवाय', 'याचबरोबर' येत असेल, तर ती यादी आहे. परिच्छेदांची अदलाबदल केली तरी काही बिघडणार नाही. 'म्हणून', 'परंतु', 'असं असूनही', 'यावरून' येऊ लागले की युक्तिवाद चालू झाला. अवतरणांनाही हेच लागू. दुसऱ्याचं वाक्य जसंच्या तसं घेतलं, तर ते इथे का घेतलं आणि त्यातून आपल्याला काय मिळालं, हे पुढच्या ओळीत आपल्या शब्दांत आलं पाहिजे. तळटीप असते ती न पटलेल्या वाचकाला स्वतः जाऊन पडताळून पाहता यावं म्हणून. पान क्रमांक चुकला तर त्याची वाटच बंद होते.

राहिला समारोप. 'अशा प्रकारे आपण पाहिलं की' म्हणत सगळं पुन्हा सांगायची गरज नसते, वाचकाने ते आत्ताच वाचलेलं आहे. त्याला आता विचारायचं असतं, बरं, मानलं, मग पुढे काय? स्नो यांनी शेवटाकडे कॉलरा टाळण्याचे उपाय दिले आहेत : रुग्णाजवळ वावरणाऱ्यांनी हात धुवावेत, मळलेले कपडे लगेच पाण्यात टाकावेत, पाणी सांडपाण्यापासून दूर असल्याची खात्री करावी, नसेल तर उकळून घ्यावं. सिद्धान्त मान्य केला, तर हे करावं लागेल. परीक्षेवरच्या निबंधाच्या शेवटी मला असंच काही वाचायला आवडेल : नव्या पद्धतीचा एक चांगला प्रश्न कसा असतो त्याचा नमुना, तो काढायला जुन्या प्रश्नापेक्षा किती जास्त वेळ लागेल याचा अंदाज, आणि तो वेळ शिक्षकाच्या कोणत्या कामातून काढायचा याबद्दल स्पष्ट सूचना.